डाळिंबाची साल आणि ओंठावरचा फोड

डाळिंबाच्या सालीवरून कुटुंबांत कधीं कलह होईल, असें आम्हांस पूर्वीं कोणी सांगितलें असतें तर आम्हीं तें हंसून सोडून दिलें असतें. परंतु तसा कलह आमच्या घरीं झाला, बारशाच्या आदल्या दिवशीं झाला, आणि त्यांत चूक आमचीच होती; म्हणून ती हकीकत सांगण्याचा अधिकारही आमचाच, असें समजून लिहिण्यास बसलों आहों.

२०१८ सालच्या मार्गशीर्षांतील गोष्ट. आमच्या पुतण्यास मुलगा झाला. सूनबाईचें हें दुसरें बाळंतपण असल्यामुळें तें सासरींच, आमच्या साताऱ्याच्या घरीं, करावयाचें ठरलें होतें. घरांत करतीसवरती बाई एकच. ती म्हणजे आमच्या वहिनी. त्यांचें वय तेव्हां त्र्याहत्तर. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतिणीचा शेक, बाळाची तेल-आंघोळ, यांतलें एकही काम त्यांनीं दुसऱ्या कोणावर सोपविलें नाहीं. आणि नवव्या दिवशीं त्यांना सडकून ताप भरला. अकराव्या दिवशीं ताप उतरला, आणि खालच्या ओंठाच्या कडेला मोहरीएवढ्या पाणीदार पुटकुळ्यांचा झुबका उठला. वहिनींना त्याचें कांहींच नवल वाटलें नाहीं. वर्षांतून एकदोनदां, ताप आला, उन्हांतून चालणें झालें किंवा कार्य निघून जागरणें झालीं, कीं त्यांच्या ओंठावर नेमक्या त्याच जागीं हें उठत असे. आमच्याकडे त्याला 'ताप बाहेर पडला' असें म्हणतात आणि तें चांगलें लक्षण समजतात. उपायही ठरलेला. परसांत थोरल्या बंधूंनीं १९७४ सालीं लावलेलें डाळिंबाचें गुटी कलम आहे. त्याच्या फळांच्या साली उन्हांत वाळवून डब्यांत भरून ठेवलेल्या असतात. त्यांतला एक तुकडा सहाणेवर उगाळायचा आणि बोटानें लेप लावायचा. आठदहा दिवसांत खपली पडून ओंठ पूर्ववत्!

त्या संध्याकाळीं वहिनी लेप लावूनच बाळाला घेण्यास खोलींत गेल्या. सूनबाई औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे. ती हळू आवाजांत म्हणाली, "आई, खपली पडून जाईपर्यंत बाळाला घेऊं नका. पापा तर मुळींच घेऊं नका. हें बाळाला लागलें तर फार वाईट होतें."

वहिनींनीं पुढें केलेले हात मागें घेतले आणि एक अक्षर न बोलतां त्या स्वयंपाकघरांत गेल्या. बोललों तें आम्ही. दोन खोल्यांपलीकडे ऐकूं जाईल एवढ्या मोठ्यानें बोललों. आम्हां दोघां भावांचीं पांच मुलें याच मांडीवर वाढलीं, तीं सगळीं धडधाकट आहेत, आणि ज्या विद्येनें घरच्या वडील माणसाला विटाळशीसारखें दूर बसवावयाचें ती विद्या आम्हांस नको, असें आम्ही बोललों. सूनबाईनें उत्तर दिलें नाहीं. तिच्या डोळ्यांत पाणी होतें, पण बाळ मात्र तिनें छातीशीं घट्ट धरलें होतें.

आम्हीं चाळीस वर्षें वकिली केली. वाद झाला कीं पुरावा गोळा करणें हा हाताला लागलेला चाळा. पुरावा आमच्यापाशीं होताही. एका दैनिकाच्या आरोग्यपुरवणींतील कात्रण आम्हीं पंचांगांत घालून ठेवलें होतें. त्याचा मथळा असा, कीं ओंठांवर फोड आणणाऱ्या विषाणूचा डाळिंबाच्या सालीनें नाश होतो. मग ज्या ओंठावर त्याच सालीचा लेप आहे, तो ओंठ बाळास कसा बाधेल? सकाळीं आम्हीं तें कात्रण सूनबाईसमोर ठेवलें. तिनें तें पूर्ण वाचलें आणि म्हणाली, "काका, बातमी खोटी नाहीं. पण मूळ निबंध वाचा, आणि मग तुम्हीच मला सांगा." दुपारपर्यंत पुतण्यानें त्या निबंधांच्या छापील प्रती आमच्या मेजावर आणून ठेवल्या. एकीकडे बारशाची गडबड चालली होती. आम्ही दार लावून प्रतिपक्षाचे कागद वाचावे तसे ते वाचूं लागलों.

प्रथम शत्रूची ओळख करून घेतली. या फोडांचा कर्ता हर्पिस सिंप्लेक्स नांवाचा विषाणु. त्याच्या दोन जातींपैकीं ओंठावर येणारी बहुधा पहिली. नागीण उठविणारा विषाणु याच कुळांतला, म्हणून दोहोंच्या फोडांचा तोंडवळा सारखा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०१६ सालीं पन्नाशीच्या आंतील माणसांपैकीं शेंकडा ६७, म्हणजे सुमारें ३७० कोटी माणसांच्या शरीरांत या पहिल्या जातीचें बिऱ्हाड होतें. तें बहुधा बालपणींच येतें, आणि तेंही घरच्याच माणसांच्या लाळेंतून व लाडांतून. पुष्कळांना जन्मांत एकही फोड उठत नाहीं; त्यांना आपण यजमान आहों याचा पत्ताच नसतो.

या विषाणूचें खरें कसब लपण्यांत आहे. मेलबर्न येथील मॅक्फार्लेन बर्नेट यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३९ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं हा रोग प्रत्येक वेळीं बाहेरून नव्यानें येत नसून लहानपणीं शिरलेला विषाणुच देहांत सुप्त राहतो आणि निमित्त मिळतांच जागा होतो. तो निजतो कोठें, हें पुढें उलगडलें; १९७१ सालीं स्टीव्हन्स व कुक या दोघांनीं उंदरांच्या मज्जातंतूंच्या गांठींत दडलेला विषाणु दाखवून दिला. माणसांत ओंठावरचा विषाणु चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या वाटेनें आंत सरकत कवटीच्या तळाशीं असलेल्या गांठींत जातो व तेथें वर्षानुवर्षें पडून राहतो. ताप, ऊन, शीण, मनस्ताप यांपैकीं कांहीं झालें, कीं त्याच वाटेनें परत ओंठाशीं येतो. वहिनींच्या ओंठावर दर वेळीं त्याच जागीं फोड कां, हें कोडें आम्हांस वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं सुटलें.

याच ओघांत आमच्या पक्षाला पहिला धक्का बसला. साल ओंठावर, शत्रु कवटीच्या तळाशीं. त्या गांठीपर्यंत कोणताही लेप पोंचत नाहीं. फोड आठदहा दिवसांत मावळतात ते शरीराच्या स्वतःच्या बंदोबस्तामुळें, आणि श्रेय मिळतें सहाणेला. आपोआप बरा होणारा रोग हा औषधांचा फार मोठा भाट आहे; आमच्या लहानपणीं याच फोडांवर कोणी तूप लावी, कोणी चुना लावी, आणि सर्वांनाच गुण येई.

तरीही फळांचा पुरावा दुबळा नव्हता. १९७६ सालीं कॅनडांतील कोनोवाल्चुक आणि स्पीअर्स या संशोधकांनीं द्राक्षांचा रस निरनिराळ्या विषाणूंवर घालून पाहिला. पोलिओचा विषाणु त्यानें निष्क्रिय झाला, तसाच हा ओंठावरचाही झाला. आणि हा गुण गरापेक्षां मुख्यतः द्राक्षाच्या सालींत आढळला. फळें खाऊन साली टाकणाऱ्या जगाला ही मोठीच चपराक होती, असें आम्हांस वाटलें.

सालींत असतें काय? तर तुरटपणा. कच्चें केळें किंवा डाळिंबाच्या दाण्यांमधला पिवळट पापुद्रा चावला असतां जीभ ओढल्यासारखी, खरखरीत होते. तें काम टॅनिन नांवाच्या द्रव्यांचें. लाळेंतील ज्या प्रथिनांमुळें तोंड बुळबुळीत राहतें, त्यांना टॅनिनें चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या करतात. कोऱ्या चहाचा तुरटपणा दुधानें मरतो तो यामुळेंच. दुधांतील प्रथिनें टॅनिनांना आधींच अडकवून ठेवतात. कच्च्या कातड्याचें चामडें होतें तेंही याच गुणानें. एके काळीं सह्याद्रींतला हिरडा मुंबई बंदरांतून विलायतेच्या चर्मकारखान्यांकडे जात असे, तो कांहीं बाळगुटीसाठीं नव्हे! आयुर्वेदानें कषाय रसाला स्तंभन आणि रोपण हीं कर्में दिलीं आहेत. आवळणें आणि जखम भरून आणणें. आमच्या वैद्यांनीं जिभेनें जें ओळखलें होतें, त्याचाच हा रासायनिक उलगडा म्हणावयास हरकत नाहीं.

हिरड्याचें नांव आलें तें उगाच नाहीं. २०११ सालीं तैवान व कॅनडा येथील संशोधकांनीं हिरड्यांतील दोन टॅनिनें या विषाणूविरुद्ध तपासलीं. त्यांपैकीं एकाचें नांव प्युनिकॅलॅजिन. आणि तें डाळिंबाच्या सालींतलेंही मुख्य द्रव्य. त्याचें नांवच मुळीं डाळिंबाच्या 'प्युनिका' या लॅटिन नांवावरून पडलेलें. म्हणजे आमच्या माळ्यावरील दोन निरनिराळ्या डब्यांत एकच वस्तु भरून ठेवलेली होती, आणि हें घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें. या विषाणूच्या बाह्य आवरणावर शर्करायुक्त प्रथिनांचे कांटे असतात. त्या कांट्यांनीं तो आपल्या पेशीच्या पृष्ठभागावरील साखळ्यांना अडकतो, आणि मग आंत शिरतो. टॅनिन त्या कांट्यांवरच जाऊन बसतें. मग विषाणु दाराशीं येतो, पण कडीला त्याचा हात लागत नाहीं. एका पेशींतून शेजारच्या पेशींत होणारा त्याचा प्रसारही या द्रव्यांनीं अडविला.

जपानांत तोयामा येथें तर १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हिरड्याचा अर्क नेहमींच्या औषधाच्या जोडीला रोगी उंदरांना दिला, तेव्हां नुसत्या औषधापेक्षां जोडीचा गुण अधिक आला. आणि आमच्या कात्रणांतील बातमीचें मूळ होतें वेल्समधील कार्डिफ येथें. तेथील संशोधकांनीं २०१७ सालीं डाळिंबाच्या सालीच्या अर्कांत जस्ताचे क्षार मिसळले, तेव्हां अर्काची विषाणु मारण्याची शक्ति कित्येक पटींनीं वाढली. नेहमींच्या औषधाला न जुमानणाऱ्या विषाणूवरही सालीच्या अर्काचा प्रभाव दिसला. येथपर्यंत वाचून आम्ही खुर्चींत सैलावून बसलों. दावा जिंकला, असेंच वाटलें.

पण प्रयोग कसा केला, हें आम्हीं वाचलेंच नव्हतें. तो भाग बारीक टाइपांत असतो, आणि वकिलानें तरी तो टाळूं नये! कांचेच्या नळींत विषाणु आणि अर्क एकत्र ठेवावयाचे. मग तें मिश्रण आफ्रिकेंतील एका जातीच्या माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढविलेल्या पेशींच्या थरावर घालावयाचें. आणि विषाणूनें त्या थराला जागोजाग पाडलेलीं भोकें मोजावयाचीं. भोकें कमी पडलीं, तर अर्क गुणकारी. प्रयोग चोख आहे, परंतु त्यांत माणसाचा ओंठ कोठेंच नाहीं. ओंठाच्या फोडांत लस असते, रक्तांतील प्रथिनें असतात, वर लाळ असते, आणि बारशाच्या घरीं दूधही असतें. टॅनिनाला शत्रु-मित्र कळत नाहीं. जें प्रथिन आधीं भेटेल त्याला तें मिठी मारतें. चहांत दूध घातल्यावर जें होतें तेंच ओंठावर व्हावयाचें.

आणि शेवटचा घाव आमच्याच साक्षीदारानें घातला. त्या द्राक्षांच्या निबंधांत असें लिहिलें होतें, कीं रसानें निष्क्रिय झालेल्या पोलिओच्या विषाणूंत जिलेटिन मिसळतांच त्यांतील कांहीं पुन्हां पेशींना बाधूं लागले. जिलेटिन म्हणजे प्रथिनच. टॅनिनानें विषाणूचा हात सोडून त्याचा धरला. म्हणजे त्या रसांतले सर्वच विषाणु मेले नव्हते. कांहीं नुसते बांधलेले होते, आणि सोडणारा भेटतांच सुटले. हें वाक्य आम्हीं तीन वेळां वाचलें. फोडाची लस व लाळ यांनीं भिजलेल्या लेपाखालीं काय चाललें असेल, याची हमी आम्ही कोणत्या तोंडानें देणार होतों? शिवाय एक साधी गोष्ट कोणत्याही निबंधावांचून कळण्यासारखी होती. लेप लावणारें बोट फोडाला लागतें, तेंच सहाणेला लागतें, आणि तेंच पुढें बाळाच्या टाळूवर तेल घालतें.

औषधाविषयींही थोडें सांगावयास हवें, नाहीं तर फळांवर अन्याय होईल. ॲसायक्लोव्हिर हें या रोगावरचें मुख्य औषध. ज्यांच्या प्रयोगशाळेंत तें सिद्ध झालें, त्या गर्ट्रूड एलियन या विदुषींना १९८८ सालचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. त्याची युक्ति मोठी सुंदर आहे. तें पेशींत जाऊन निपचित पडतें, आणि विषाणूचेंच एक विकर त्याला जागें करतें. चोराच्या हातूनच चोराला बेडी पडते. परंतु निजलेल्या विषाणूपर्यंत त्याचाही हात पोंचत नाहीं, आणि ओंठाच्या फोडावर त्याचें मलम लावल्यानें रोगाचा काळ सरासरीनें सुमारें अर्धाच दिवस कमी होतो. तेव्हां मोठ्या माणसाच्या ओंठावर सालीनें काय किंवा मलमानें काय, फारसें अडत नाहीं.

अडतें तें नवजात अर्भकाचें. पहिल्या चारसहा आठवड्यांत त्याची स्वतःची प्रतिकारशक्ति कोंवळी असते. आईच्या रक्तांत या विषाणूविरुद्ध प्रतिद्रव्यें असलीं तर त्यांचा वांटा बाळास मिळतो, नसलीं तर तोही नाहीं. अशा बाळाला हा विषाणु लागला, तर तो ओंठावर थांबत नाहीं. यकृतांत, फुप्फुसांत, मेंदूंत पसरतो. वेळीं शिरेंतून औषध न मिळाल्यास सर्वांगांत पसरलेल्या या रोगानें बहुतेक बाळें दगावतात, आणि मेंदूला धक्का बसलेल्यांपैकीं कांहीं जन्माचीं अधू होतात. प्रारंभीं लक्षण काय दिसतें? दूध तोडणें, झोंप फार येणें, कधीं ताप, कधीं तोही नाहीं, मग झटके. अंगावर फोड दिसतीलच असें नाहीं. असें होणें विरळा, हें खरें. पण बाळ आपल्या घरचें असलें म्हणजे विरळा या शब्दाला कांहीं अर्थ राहत नाहीं.

आम्हीं दार उघडलें तेव्हां पाळणा सजला होता. बारशाला वहिनी पाळण्याजवळ गेल्या नाहींत. उंबऱ्याशीं पाट घेऊन, तोंडाला पदर लावून बसल्या. बायका विचारूं लागल्या, तर 'ताप आहे' म्हणून सांगितलें. रात्रीं पाहुणे गेल्यावर आम्ही त्यांच्यापाशीं जाऊन बसलों आणि जें वाचलें तें सोपें करून सांगितलें. सूनबाई बरोबर होती आणि आम्ही चुकलों, हेंही सांगितलें. वहिनी ऐकत होत्या. मग त्यांनीं एकदम विचारलें, "दूध तोडतें म्हणालांत ना, भावजी? आणि झटके?"

आम्ही चमकलों. वहिनींचा पहिला मुलगा १९६७ सालीं त्यांच्या माहेरीं, वाईस, झाला. आम्ही तेव्हां कॉलेजच्या पहिल्या वर्षांत होतों. बारशाला आईबरोबर आम्हीही गेलों होतों. सतराव्या दिवशीं बाळानें दूध तोडलें, मग त्याला झटके येऊं लागले, आणि एकविसाव्या दिवशीं तें गेलें. बालग्रह झाला असें सर्वांनीं म्हटलें, आणि त्या मुलाचा उल्लेख त्यानंतर घरांत कोणी केला नाहीं.

"सासूबाई नुकत्याच तापांतून उठून आल्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "ओंठ असाच होता. मला आठवतें, कारण माझ्या आईनें त्यांना डाळिंबाची साल उगाळून दिली. बाळ दिवसभर त्यांच्याच मांडीवर होतें. तेंच असेल का हो?"

त्या सासूबाई म्हणजे आमची आई. आम्हीं सांगितलें, कीं अर्भकांना असें होण्यास शंभर कारणें असतात; तेव्हां कोणी तपासणी केली नव्हती, आणि आतां एवढ्या वर्षांनीं जगांतील कोणताही डॉक्टर तें सांगूं शकणार नाहीं. हें सर्व खरें होतें. वहिनींनीं मान हलविली. बऱ्याच वेळानें म्हणाल्या, "त्यांना कळलें असतें तर त्यांनीं हातसुद्धां लावला नसता. किती जीव होता त्यांचा त्याच्यावर." मग त्या उठल्या, आणि सहाण घासून, उकळत्या पाण्यानें धुवून त्यांनीं उन्हांत ठेवण्यासाठीं बाजूला काढली.

दुसऱ्या दिवसापासून घराचा कायदा वहिनींनीं हातांत घेतला. बाळंतिणीच्या खोलीबाहेर साबण व पाण्याची बादली आली. बाळाचा पापा घेण्यास सर्वांनाच मनाई झाली, कारण फोड दिसत नसतांही हा विषाणु लाळेंतून उतरूं शकतो, हें आम्हीं त्यांना सांगितलें होतें. भेटावयास आलेल्या आमच्या एका मावसबहिणीला त्यांनीं दारांतच अडविलें, तेव्हां ती रागावली. वहिनींनीं तिला पानांत सांजा वाढला, पण बाळ दिलें नाहीं. त्यांचा स्वतःचा लेप मात्र चालूच होता. सूनबाईनेंच तो बंद करूं दिला नाहीं. "लावूं द्या," ती म्हणाली, "ओंठाला बरें वाटतें. मात्र लेप लावला म्हणून बाळाला घेतां येणार नाहीं, आणि बोट डोळ्याला लागूं द्यायचें नाहीं." डोळ्याच्या बुबुळाला हा विषाणु बाधला तर दृष्टि जाण्याची भीति असते.

नवव्या दिवशीं खपली पडली. वहिनींनीं आपण होऊन आणखी दोन दिवस जाऊं दिले. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्या परसांत डाळिंबाखालीं उन्हांत बसल्या होत्या, तेव्हां सूनबाईनें बाळ आणून त्यांच्या मांडीवर ठेवलें. वहिनींनीं आधीं हात पदराला पुसले, मग त्याच्याकडे नुसतें पाहत राहिल्या.

आम्ही ओसरीवर होतों. सूनबाई परत येतांना आम्हीं तिला थांबविलें आणि म्हटलें, "त्या दिवशीं आम्ही जें बोललों, तें बोलावयास नको होतें."

"काका," ती म्हणाली, "तुम्ही मेजावरचे ते कागद आवरा आधीं. चहा ठेवायला जागा नाहीं."